उपग्रहचित्रांवरून किनाऱ्यालगतचं पाणी: कोल्हापुरात बसून कितपत जमेल?

रंकाळवेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पदव्युत्तरच्या पाच मुलांचा प्रकल्प आहे, मार्गदर्शन माझ्याकडे. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर देवगड ते कर्ली खाडी या पट्ट्यात खाड्यांच्या मुखातून समुद्रात शिरणारं गढूळ पाणी किती पसरतं, कुठल्या दिशेला जातं आणि त्यावरून प्रदूषणाबद्दल काही म्हणता येतं का, हा विषय. बोटीचं बजेट जवळपास शून्य. म्हणून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची फुकट चित्रं, त्यांतला दहा मीटरच्या पिक्सलचा लाल बँड (म्हणजे फक्त लाल प्रकाशाचं चित्र), क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि कोल्हापूर.

अडचणी तीन. एक, कर्लीच्या मुखाबाहेरचा गढूळ पट्टा एका चित्रात दोन-तीन किलोमीटर लांब दिसतो, पाच दिवसांनी जवळजवळ नाहीसा होतो. मधे पाऊस नाही, काही नाही. दोन, २०२१ आणि २०२३ ची डिसेंबरची चित्रं शेजारी ठेवली तर २०२३ मध्ये सगळीकडे आकडे वाढलेत. खोल समुद्रात पिक्सलची किंमत १५० च्या आसपास होती, ती ११५० झाली. तीन, एका चित्रावरून प्रवाहाचा वेग काढता येतो का?

माझी समजूत अशी की लाल बँडचं परावर्तन वाढलं म्हणजे प्रदूषण वाढलं असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. चुकत असेन तर कान धरा.

तांबडा_पांढरा

कोल्हापुरात समुद्र तेवढा नव्हता, तोही आता अंतराळातनं आणलासा. नाद खुळा.

बिनचूक

दुसऱ्या अडचणीचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. समुद्राला काहीही झालेलं नाही. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अंतराळ संस्थेने सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू केली आणि प्रत्येक पिक्सलमध्ये १००० मिळवायला सुरुवात केली. गडद पाण्यावर वातावरणाची दुरुस्ती केल्यावर कधी कधी ऋण आकडे येतात. ते शून्यावर छाटले जाऊ नयेत म्हणून ही सोय. त्यामुळे परावर्तन काढायला जुन्या फाइलला किंमत भागिले १०,०००, नव्या फाइलला (किंमत वजा १०००) भागिले १०,०००. तुमचे १५० आणि ११५० दोन्ही ०.०१५ च आहेत.

पण तारखेवर विसंबू नका. जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया करून परत ठेवली आहेत, तेव्हा २०२१ चं चित्र आज उतरवलं तर त्यातही १००० मिळवलेले असू शकतात. फाइलच्या नावात 'एन' नंतर चार आकडे असतात. ०४०० किंवा त्यापुढचे असतील तर वजाबाकी करा. गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर ज्या संग्रहाच्या नावात 'हार्मोनाइझ्ड' आहे तोच घ्या, त्यात ही भानगड आधीच निस्तरलेली असते.

रंकाळवेस

अरे देवा. मुलांनी यावर 'दोन वर्षांत गढूळपणात झालेली चिंताजनक वाढ' असं पोस्टर करायला घेतलं होतं. थांबवतो.

वाचनमात्र

पोस्टर ठेवा, फक्त शीर्षकात 'एका वजाबाकीची' घाला.

खाडीकाठ

देवगडाकडून लिहितंय. पहिल्या अडचणीत तुमी तिथी खंय लिवलास? तारीख नको, तिथी सांगा.

कोल्हापूरकरांसाठी प्रमाण भाषेत सांगतो. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण, मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. अष्टमीला सहा वाजता भरती, सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे लोकही हाच वापरतात. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, म्हणून मालवणला मुंबईपेक्षा थोडी आधी येते. बारीक कामाला भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते घ्या. पण चित्र कुठल्या पाण्याचं आहे हे ओळखायला पाऊणकी पुरते.

आता उपग्रह तुमच्यावरून किती वाजता जातो ते बघा, म्हणजे पट्टा का नाहीसा झाला ते कळेल.

तिथीगणित

खाडीकाठ यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. पुढचं गणित मांडतो, कारण या प्रकल्पाचा सगळा डोलारा यावर उभा आहे.

सेंटिनेल-२ सूर्याशी जुळलेल्या कक्षेत फिरतो. स्थानिक सौर वेळेनुसार साडेदहाला विषुववृत्त ओलांडतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३.५ ते ७४ वर, म्हणजे पस्तीसेक मिनिटांचा फरक. घड्याळात तो कायम अकरानंतर थोड्या वेळात येतो. कायम. भरती मात्र तिथीप्रमाणे सरकते.

याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येला उपग्रह येतो तेव्हा उधाणाचं पाणी खाडीत काठोकाठ भरलेलं असतं. गढूळ पाणी आत दाबलेलं, बाहेर समुद्र निळा. दशमीला साडेसातला भरती झालेली असते, म्हणजे अकराला ओहोटी ऐन जोरात. अष्टमीला ओहोटी संपत आलेली असते, तेव्हा पट्टा सगळ्यात लांब गेलेला दिसतो. पंचमीला ओहोटी दहाला संपते, अकराला पाणी नुकतंच वळायला लागलेलं.

आता खरी गोम. उधाणाची ओहोटी अकराला कधीच नसते. ती संध्याकाळी पाचला आणि पहाटे असते. म्हणजे ज्या ओहोटीत सगळ्यात जास्त पाणी आणि गाळ बाहेर पडतो ती सेंटिनेल-२ ला जन्मात दिसणार नाही. त्याला दिसणारा मोठा पट्टा हा भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या ओहोटीचा असतो. 'कमाल पसारा' असा शब्द अहवालात आला तर तिथेच लाल शेरा मारा.

दुसरी खोच त्याहून वाईट. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र. एक तिथी सरासरी ०.९८४ दिवसाची, म्हणजे पाच दिवसांत ५.०८ तिथ्या. आज पंचमीला चित्र मिळालं तर पुढचं दशमीला, मग पौर्णिमेला, मग परत पंचमीला. फक्त तीन तिथ्यांचं चक्र! पंधरा दिवसांत ते जेमतेम पाव तिथीने पुढे सरकतं. तीन तिथ्यांमधली पाच तिथ्यांची पोकळी भरून निघायला दहा महिने लागतात. मुलांनी डिसेंबर-जानेवारीची चित्रं घेतली असतील तर त्यांना समुद्राच्या तीनच अवस्था पुन्हा पुन्हा दिसल्या असतील.

लँडसॅट हा अमेरिकी उपग्रह या बाबतीत बरा. एक उपग्रह १६ दिवसांनी येतो, म्हणजे १६.२६ तिथ्या, दर खेपेला सव्वा तिथी पुढे. बारा खेपांत, साडेसहा महिन्यांत, पंधरवडा पुरा फिरून होतो. ३० मीटरचा पिक्सल पत्करून तो मिश्रणात घ्याच.

बिनचूक

दंडवत. एकच पुरवणी: पाण्याची उंची आणि पाण्याची दिशा एकाच क्षणी बदलत नाहीत. खाडीच्या लांबी-खोलीप्रमाणे भरती पूर्ण झाल्यावरही काही वेळ पाणी आत जात राहू शकतं. शिवाय दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. त्यामुळे 'भरती पूर्ण = प्रवाह शून्य' असं मिनिटावर बसवू नका. चित्रांचे गट करताना पाऊण तास इकडेतिकडे धरा.

बरगेवाला

मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. घरच्या पंचगंगेची गटारगंगा झालीय आणि तुम्ही गगनबावडा उतरून कोकणचं पाणी तपासणार? जयंती नाला, दुधाळी नाला, पुढे इचलकरंजीचं रंगीत पाणी, गळीत हंगामात साखर कारखान्यांची मळी. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की काळ्या पाण्याचा लोंढा पुढे सरकतो आणि तेरवाड-शिरोळकडे मासे तरंगतात. उपग्रहाने हे बघा की.

तांबडा_पांढरा

आणि पंचगंगेचं पाणी कोकणात जातच नाही. नृसिंहवाडीला कृष्णेत आणि तिथनं थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपण घाण केली की त्रास आंध्राला. लांबचा विचार केलाय आपण.

चष्मिस_पिक्सल

बरगेवाला, मुद्दा रास्त आहे, पण नदीवर हे तंत्र लंगडं पडतं, ते का ते सांगतो.

पात्राच्या आडवे किमान चार-पाच निव्वळ पाण्याचे पिक्सल हवेत. काठाला लागून असलेला पिक्सल अर्धा पाणी, अर्धा ऊस. त्याच्या आतल्या पिक्सलवरही काठाच्या हिरवळीचा प्रकाश हवेत विखरून येऊन पडतो. वनस्पती अवरक्त प्रकाशात लख्ख चमकते आणि पाणी काळंकुट्ट असतं, त्यामुळे ही भेसळ अवरक्त बँडमध्ये सगळ्यात जास्त होते. उन्हाळ्यात पात्र आकसलं की दोन पिक्सलही निखळ उरत नाहीत. बंधाऱ्यांच्या मागची फुगवट्याची जागा निवडली तरच काही जमेल.

आता मळीकडे वळू, कारण रंकाळवेस यांच्या समजुतीला ती थेट छेद देते. मळीचं पाणी गर्द तपकिरी. ते प्रकाश शोषून घेतं, परत पाठवत नाही. म्हणजे मळी मिसळली की निळ्या-हिरव्या बँडचं परावर्तन कमी होतं, गाळ फार नसेल तर लालही उतरतं. तुमच्या 'लाल वाढलं म्हणजे प्रदूषण वाढलं' या नियमाने मळीची नदी स्वच्छ ठरेल आणि पावसाळ्यातली तांबड्या मातीची निरोगी नदी प्रदूषित.

रंकाळा तलाव मात्र या कामाला उत्तम. आकार पुरेसा, भरती-ओहोटी नाही. तरंगतं केंदाळ वनस्पती निर्देशांकाने सहज वेगळं निघतं. मोकळ्या पाण्यातल्या शेवाळासाठी पाचवा बँड (७०५ नॅनोमीटर) आणि चौथा (६६५) घ्या: फरक भागिले बेरीज. ६६५ ला हरितद्रव्य प्रकाश खातं आणि ७०५ ला पाणी परत उजळ दिसतं, म्हणून शेवाळ वाढलं की आकडा शून्याच्या वर चढतो. पाचवा बँड २० मीटरचा आहे, चौथाही २० मीटरवर आणून मगच भागाकार करा. आणि केंदाळाचे पिक्सल आधी वगळा, नाहीतर पानांचं हरितद्रव्य पाण्याच्या खात्यात जमा होतं.

बरगेवाला

मळीचं पाणी 'स्वच्छ' ठरतं हे वाचून कारखानदार उपग्रहाच्या प्रेमात पडतील.

संपादक_मंडळ

धागा पंचगंगेत वाहून चाललाय. स्वतंत्र धागा काढा, इथे किनाऱ्यावर या.

अकोलाइटवाला

किनाऱ्यावर येतो. रंकाळवेस, तुम्ही दुसऱ्या पातळीचं, म्हणजे वातावरणाची दुरुस्ती झालेलं तयार चित्र वापरताय असं दिसतंय. ती दुरुस्ती जमिनीसाठी बेतलेली आहे. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून आलेला भाग फार थोडा, बाकीचा बहुतेक हवेने उधळलेला. जमिनीच्या दुरुस्तीत राहिलेली बारीक चूक पिकाला चालून जाते, पण पाण्यात तेवढ्याच चुकीने उत्तर दुप्पट-निमपट होतं.

पहिल्या पातळीचं, म्हणजे दुरुस्ती न झालेलं चित्र कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि अकोलाइट या पाण्यासाठी बेतलेल्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधून काढा. फुकट आहे, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. पूर्ण टाइल (चित्राचा अख्खा चौकोन) चालवू नका, संगणक रडतो. सीमा द्या: दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व याच क्रमाने. मालवण-कर्लीसाठी १५.९०, ७३.४०, १६.१०, ७३.५५ पुरेल. क्रम उलटा दिला तर 'क्षेत्र चित्राबाहेर' म्हणून गप्प बसतं आणि माणूस दोन तास फाइल बिघडली समजून बसतो. नकाशाची निर्देशांक पद्धत यूटीएम झोन ४३, सगळे थर त्यातच ठेवा.

गढूळपणासाठी डोग्लिओटी यांचं २०१५ चं सूत्र निवडा. लाल बँडसाठी गढूळपणा = २२८.१ × प ÷ (१ − प ÷ ०.१६४१), इथे प म्हणजे पाण्याचं परावर्तन. प ०.०३ असेल तर साधारण ८.४ एकक. ०.१० ला ५८. पण ०.१५ ला एकदम ३९८! छेद शून्याकडे जातो म्हणून. फार गढूळ पाण्यात लाल बँड संपृक्त होतो, गाळ कितीही वाढला तरी आणखी उजळत नाही. म्हणून प ०.०७ च्या वर गेलं की सूत्र अवरक्त बँडवर उडी मारतं (३०७८.९ आणि ०.२११२ हे गुणक), आणि ०.०५ ते ०.०७ मध्ये दोन्हींची सांधणी करतं. नुसता लाल बँड घेणाऱ्याला खाडीच्या आत पाच किलोमीटर सपाट आकडा दिसतो, आणि तो त्याला 'पाणी एकसारखं मिसळलंय' म्हणतो.

शून्य_सावली

यात चकाकी धरलीत का? कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, मालवणला त्याच्या दोनेक दिवस आधी. म्हणजे एप्रिल-मे मध्ये अकरा वाजता सूर्य जवळजवळ डोक्यावर, उपग्रहही डोक्यावर, आणि लाटांवरचं आरशासारखं प्रतिबिंब थेट कॅमेऱ्यात. अख्खा समुद्र रुपेरी. चकाकी ओळखायची खूण म्हणजे १६०० नॅनोमीटरचा बँड. पाणी तिथे पूर्ण काळं असतं, गढूळ असलं तरी. तिथे उजेड दिसला तर तो चकाकीचा, ढगाचा, नाहीतर होडीचा. दुरुस्तीचा पर्याय अकोलाइटमध्ये आहे, पण भरपूर चकाकीत तो नुसता रंगसफेदी करतो. कामाचे महिने नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर ढग, त्यामुळे पहिल्या पावसात धुऊन जाणारी सगळी घाण या उपग्रहाला दिसतच नाही.

तांबडा_पांढरा

म्हणजे उधाणाची ओहोटी दिसत नाही, पावसाळा दिसत नाही, उन्हाळ्यात चकाकी, मळी उलटी दिसते. उपग्रहाला दिसतं तरी काय राव?

तिथीगणित

हिवाळ्यातली सकाळ दिसते. आणि ती फार छान दिसते.

गाळणीकागद

प्रयोगशाळेच्या बाजूने. आकड्यांना जमिनीवरचा आधार हवा, नाहीतर ८.४ आणि १५ मधला फरक खरा की सूत्राचा हे कळत नाही. बोट नसेल तर जेटीवरून किंवा भाड्याच्या होडीतून वर्षाला चार-पाच दिवस नमुने घ्या, पण उपग्रहाच्या वेळेच्या मागे-पुढे तासाभरातच. खुल्या समुद्रात तीन तास चालतात, खाडीच्या मुखाशी तीन तासांत पाणी फिरून परत येतं. प्रत्येक नमुन्यासाठी भोवतीचे ३×३ पिक्सल बघा. नऊ पिक्सल आपसातच फार विखुरलेले असतील तर तो नमुना तुलनेतून काढा, तिथे पाण्याची सीमारेषा जातेय.

तरंगत्या गाळाचं वजन काढताना कोल्हापूरकर हमखास चुकतात, कारण सवय नदीच्या पाण्याची. समुद्राच्या लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ. गाळल्यावर कागदात अर्धा मिलिलीटर पाणी जरी अडकून राहिलं तरी वाळल्यावर साडेसतरा मिलिग्रॅम मीठ मागे राहतं. तुम्ही अर्धा लिटर गाळलं असेल तर लिटरला ३५ मिलिग्रॅमचा फुकटचा गाळ! खरा गाळ आठ असताना. म्हणून गाळून झाल्यावर ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा. कागदाची कड चिमट्यात धरलेली असते तिथेच मीठ दडून बसतं, तेव्हा साचा काढून कडाही धुवा. मग १०३ ते १०५ अंशांवर वाळवून, शोषकपात्रात थंड करून वजन. एक कोरा कागद नुसत्या गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने भिजवून, तसाच धुऊन सोबत ठेवा. त्याचं वजन वाढलं तर धुणं कमी पडलंय.

रंकाळवेस

मीठ आमच्या यादीतच नव्हतं. आभार. जानेवारीच्या चित्रांत तारकर्लीसमोर आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाणी उजळ दिसतं, तो गाळ म्हणायचा का?

चष्मिस_पिक्सल

तिथे बहुधा तळ दिसतोय. हिवाळ्यात ते पाणी इतकं नितळ असतं की पांढरी वाळू निळ्या-हिरव्या बँडमध्ये बरीच खोलवर चमकते. लाल प्रकाश पाणी फार लवकर शोषतं, चार-पाच मीटरखालचा तळ लालमध्ये जवळपास दिसेनासा होतो. ८६५ नॅनोमीटरला तर अर्धा मीटरही पार होत नाही. म्हणून तपासणी सोपी: निळा-हिरवा उजळ, लाल मंद, अवरक्त काळा, आणि ठिपका दर चित्रात त्याच जागी, तर तो तळ. गाळ असेल तर लालही उजळेल आणि तिथीप्रमाणे जागा बदलेल. नौकानयनाच्या नकाशावरून पाच मीटरच्या आतली खोली वेगळी काढून ठेवा.

प्रवाहपतित

तिसरा प्रश्न सगळे विसरले. एका चित्रावरून प्रवाहाचा वेग? सरळ उत्तर, नाही.

सेंटिनेल-२ चे बँड एकाच क्षणी टिपलेले नसतात. निळा आणि लाल यांत सुमारे एका सेकंदाचं अंतर असतं. दहा मीटर खोल पाण्यात लांब लाट सेकंदाला जवळपास दहा मीटर धावते, म्हणजे एक पिक्सल. म्हणून लाटांचा वेग आणि त्यावरून उथळ पाण्याची खोली काढतात. प्रवाह अर्ध्या मीटरचा. सेकंदात पिक्सलचा विसावा भाग. विसरा.

दोन चित्रं, काही मिनिटांच्या अंतराने, ही खरी वाट. लँडसॅट सेंटिनेलच्या वीस ते तीस मिनिटं आधी येतो. दोन लँडसॅट मिळून आठ दिवसांनी, दोन सेंटिनेल मिळून पाच दिवसांनी. आठ आणि पाचचा लसावि चाळीस, म्हणजे एका जागेवर चाळीस दिवसांत एकदा दोघं एकाच सकाळी. नोव्हेंबर ते मे पाचेक जोड्या हाताला लागतील. वीस मिनिटांत अर्ध्या मीटरचा प्रवाह गढूळ पट्ट्याला सहाशे मीटर, म्हणजे तीस मीटरचे वीस पिक्सल नेतो. दोन्ही चित्रं तीस मीटरवर आणा, पहिल्यातली वीस-तीस पिक्सलची चौकट उचला आणि दुसऱ्यात ती कुठे सगळ्यात चांगली जुळते ते शोधा. सरकलेलं अंतर भागिले वेळ.

बिघडतं ते तीन ठिकाणी. दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नसतात. सिंधुदुर्गाच्या तटाचे कोपरे घेऊन तपासा. एक पिक्सल चूक म्हणजे सेकंदाला अडीच सेंटिमीटर, तेवढी सोसते. दुसरं, पट्ट्याच्या कडेला समांतर वाहणारं पाणी पकडता येत नाही, सरळ रेष स्वतःवर सरकली तर सरकल्याचं कळणार कसं? तिसरं, वीस मिनिटांत गाळ खालीही बसतो. जुळणीचा गुणांक ०.७ च्या खाली असेल ते बाण टाकून द्या.

आणि ऋतूचा प्रवाह वेगळा. पश्चिम किनाऱ्याचा मोठा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे जातो. पण तो उताराच्या खोल पाण्याचा राजा. दहा मीटर खोलीच्या आत भरती, लाटा आणि वारा यांचं राज्य. फेब्रुवारीपासून दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि पाणी दक्षिणेकडे ढकलतो. उपग्रह तो सुटायच्या आधीच निघून गेलेला असतो.

खाडीकाठ

ह्या शेवटचा एकदम बरोबर. सकाळचो दर्या आणि दुपारचो दर्या एक नाय.

बरगेवाला

प्रदूषणाचं उत्तर कोणीच दिलं नाही. सगळे गाळावर बोलतायत.

चष्मिस_पिक्सल

कारण उपग्रहाला रंग आणि उष्णता दिसते, दूषितपणा नाही. सांडपाण्यातले जिवाणू, अमोनिया, जड धातू, विरघळलेल्या प्राणवायूची घट, यातल्या कशालाच रंग नाही. गाळ, हरितद्रव्य, कुजलेल्या पाल्याचं तपकिरी पाणी आणि तरंगणारा थर एवढंच दिसतं. 'गढूळ पट्टा इथवर जातो, म्हणून खाडीत सोडलेलं सांडपाणीही त्या सकाळी इथवर जाऊ शकतं', हे विधान टिकतं. 'पट्टा गढूळ, म्हणून प्रदूषित' हे टिकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत स्नानाच्या किनाऱ्यासाठी गढूळपणाची मर्यादा ३० एनटीयू (गढूळपणाचं एकक) आहे. पावसाळ्यात तांबड्या मातीनेच ती ओलांडली जाते, त्यात कोणाचा कारखाना नसतो.

फेब्रुवारी ते मे मध्ये समुद्रावर पिवळट-तपकिरी लांब रेघा दिसल्या तर तेल म्हणून ओरडू नका. ट्रायकोडेस्मियम नावाचे सूक्ष्मजीव भुशासारखे तरंगतात, त्यांच्या रेघा अवरक्तात उजळ दिसतात. खऱ्या तेलासाठी सेंटिनेल-१ चं रडार. तेल बारीक लाटा दाबतं, म्हणून काळा डाग दिसतो. पण वारा सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली असेल तर सगळाच समुद्र काळा, आणि दहा-बाराच्या वर असेल तर डाग विस्कटून जातो. वाऱ्याचा आकडा न देता काळा डाग दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कोयनाकाठ

अवांतर: दाभोळची खाडी कोणी घेणार असेल तर लक्षात ठेवा, कोयनेचं वीज काढून झालेलं पाणी वाशिष्ठीत उतरतं. त्यामुळे तिथे भर उन्हाळ्यातही गोडं पाणी येतं आणि ते वीजनिर्मितीप्रमाणे कमी-जास्त होतं. तिथी अधिक वीज, दोन्ही धरावं लागेल. कर्ली त्या मानाने सरळ आहे.

रंकाळवेस

सगळ्यांचं वाचून मुलांना काल बसवलं आणि चौदा चित्रांपुढे तिथी लिहायला लावल्या. मोठा पट्टा असलेली पाच चित्रं: तीन अष्टमीची, एक नवमीचं, एक दशमीचं. पट्टा नाहीसा झालेली चार: तीन चतुर्दशी-पौर्णिमेची, एक प्रतिपदेचं. उरलेली पाच तृतीया ते पंचमीच्या दरम्यानची, तिथे पट्टा मध्यम आणि मुखाला चिकटून. आमचा 'कधी दिसतो, कधी नाही' हा प्रश्न पंचांगातच होता.

आता शीर्षक बदलतोय: 'भांगाच्या ओहोटीत कर्लीच्या गढूळ पाण्याचा पसारा, नोव्हेंबर ते मार्च'. प्रदूषण हा शब्द काढला. पहिल्या पातळीची चित्रं, अकोलाइट, पाच मीटरच्या आतला भाग वगळून. लँडसॅट जोडून तिथ्यांमधली पोकळी भरतो, आणि एकाच सकाळच्या जोड्या सापडल्या तर बाण काढून इथे टाकतो. उधाणाची ओहोटी कशी टिपायची ते सुचत नाही.

खाडीकाठ

देवगडच्या जेटीर संध्याकाळी पाचाक पौर्णिमेक उभे रवा. उपग्रह लागत नाय.

गाळणीकागद

आणि सोबत पाण्यात सोडून नितळपणा मोजायला तीस सेंटिमीटरची पांढरी तबकडी, खुणा केलेली दोरी आणि बाटल्या. तबकडी दिसेनाशी होते ती खोली आणि परत वर दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. सावलीच्या बाजूने बघा, गॉगल काढून. पाचला ऊन तिरपं असतं, तेव्हा तो आकडा अकराच्या आकड्याशी सरळ ताडू नका, बाटलीतल्या गाळाच्या वजनावर भर द्या.

तांबडा_पांढरा

गगनबावड्यातनं उतरणार असाल तर परतीच्या गाडीत दोन माणसांची जागा ठेवा. तबकडी आम्ही धरतो.